परदेशात माणूस अडकला तर परराष्ट्र मंत्रालयाकडे तक्रार कशी करायची?

परभणी, नांदेड, बीडकडची कितीतरी माणसं ड्रायव्हर, गवंडी, वेल्डर म्हणून आखाती देशांत जातात. तिकडे पगार थांबला, कफिलाने (तिथल्या मालकाने) पासपोर्ट ठेवून घेतला किंवा फोनच लागेना, की घरचे खासदारांचं पत्र आणायला धावतात. पत्र जरूर घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका. परदेशातले सगळे भारतीय दूतावास परराष्ट्रमंत्र्यांच्या खात्याखाली येतात. २०१९पासून हे खातं एस. जयशंकर यांच्याकडे आहे. या खात्याचं 'मदद' पोर्टल २०१५मध्ये सुरू झालं. तिथली तक्रार थेट संबंधित दूतावासाकडे जाते.

तक्रार अडकलेला भारतीय नागरिक स्वतः करू शकतो किंवा गावाकडून बायको, भाऊ, आईवडीलही करू शकतात. मोबाईल नंबर आणि ईमेल लागतो. नोंदणी करा, देश निवडा, तक्रारीचा प्रकार निवडा. पगाराची थकबाकी, तुरुंगवास, बेपत्ता व्यक्ती, मायदेशी परत आणणं, मृतदेह आणणं, असे प्रकार तिथे दिलेले असतात. तक्रार क्रमांक जपून ठेवा, पुढची सगळी विचारपूस त्यावरच होते.

कागदपत्रांत सगळ्यात मोलाची पासपोर्टची प्रत. माणूस विमानात बसण्याआधीच पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो घरी ठेवून घ्या. मूळ पासपोर्ट कफिलाकडे असला तर हाच फोटो कामी येतो. सोबत व्हिसा, इकामा (तिथला राहण्याचा परवाना), नोकरीचा करार, मालकाचं नाव आणि फोन जोडा. पगाराची तक्रार असेल तर किती महिन्यांचा थकला ते स्पष्ट लिहा.

मृत्यू झाला असेल तर मृतदेह भारतात आणायचा की तिथेच दफन करायचा, याचं वारसाचं संमतीपत्र लागतं. खर्च सहसा मालकाने करायचा असतो. त्याने हात वर केले आणि कुटुंबाची ऐपत नसेल, तर दूतावासाच्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून मदत मागता येते. हे हक्काने विचारा.

मात्र तिथल्या कोर्टाचा निकाल मंत्री किंवा दूतावास फिरवू शकत नाहीत. वकील मिळवून देणं, तुरुंगात भेट घेणं, मालकाशी बोलणं एवढं ते करू शकतात.

अजून कुणी जाणार असेल तर एजंटचा परवाना ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर आधी तपासा. एजंटला ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त फी घेता येत नाही. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे नोकरीला जाण्याआधी सरकारी तपासणी लागते असा शेरा, असतो. त्यांना ठरावीक देशांत नोकरीला जाताना सरकारची मंजुरी आणि प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास तिचं संरक्षण १० लाखांचं आहे. पॉलिसीची प्रत घरच्यांकडे हवीच.