लोकर उजव्या हातात की डाव्या? विणकामाच्या पद्धतींची पार्श्वभूमी

दोन सुयांवर विणणाऱ्यांचा हा वाद काही संपत नाही. इंग्लिश पद्धतीत लोकर उजव्या हातात, दर टाक्याला ती सुईवरून फिरवायची. कॉन्टिनेन्टलमध्ये, म्हणजे जर्मनी वगैरे भागात, लोकर डाव्या बोटावर ताणून धरायची आणि सुईच्या टोकाने नुसती ओढून घ्यायची. हालचाल कमी म्हणून दुसरी फास्ट, असं सगळे सांगतात. मला नाही पटत, स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरच्या बायका बघा ना, लोकर उजव्या हातातच आणि स्पीड भन्नाट! त्यांच्या कमरेला चामड्याचा पट्टा असायचा, आत घोड्याचे केस ठासून भरलेले, वर भोकं, त्यात सुईचं मागचं टोक खुपसलं की सुई हलत नाही आणि हात मोकळा, मग पाठीवर जळणाची टोपली घेऊन चालता चालतासुद्धा विणायच्या. हौस नव्हती हो, 19 व्या शतकात विणलेले मोजे, शाली देऊन व्यापाऱ्याकडून सामान घ्यावं लागायचं, थांबून कसं चालणार. त्याच काळात इंग्लंडच्या दिवाणखान्यात मात्र सुई पेनासारखी धरायची फॅशन आली, दिसायला नाजूक, कामाला स्लो.

पोर्तुगालमध्ये तिसराच प्रकार, लोकर मानेमागून किंवा छातीवरच्या पिनेतून घ्यायची आणि अंगठ्याने झटकायची. यात उलट टाका (सुई मागून पुढे घालून विणतात तो) सगळ्यात सोपा, जो बाकी बहुतेकांना कंटाळवाणा वाटतो. पेरूतही अशीच पद्धत दिसते. तिथल्या ताकिले बेटावर टोप्या विणतात त्या पुरुष, आणि तिथल्या विणकामाला युनेस्कोने 2005 मध्ये वारसा म्हणून मान दिला.

कॉन्टिनेन्टलचं तर राजकारणच झालं. दुसऱ्या महायुद्धात ती जर्मन म्हणून इंग्लंड-अमेरिकेत नकोशी झाली, नंतर विणकाम शिकवणाऱ्या एलिझाबेथ झिमरमन यांनी अमेरिकेत टीव्हीवरून आणि पुस्तकांतून तिला परत आणलं. त्या स्वतः जन्माने इंग्लिश, पण लहानपणी गव्हर्नेसकडून, म्हणजे घरी शिकवणाऱ्या बाईंकडून, ही पद्धत शिकलेल्या.

आणि खरा घोळ हातात नाहीच, सुईवर टाका कसा बसतो त्यात आहे. टाका म्हणजे सुईवर दोन पाय टाकून बसलेला फास; पश्चिम युरोपात त्याचा सुईच्या टोकाकडचा पाय सुईच्या अलीकडे असतो, पूर्वेकडच्या पद्धतीत पलीकडे. तसा बसलेला टाका पॅटर्नमध्ये लिहिलंय म्हणून अलीकडून विणला की पीळ पडतो, आणि पीळ टाळायला पलीकडून विणला, तर दोन टाके एकत्र विणून केलेली घट (टाके कमी करणं) भलत्याच बाजूला झुकते.