आयसोक्रोमॅटिक आणि आयसोक्लिनिक: प्रत्येक काळी रेघ फ्रिंज नसते

फोटोइलॅस्टिसिटी म्हणजे लोड दिलेल्या पारदर्शक मॉडेलमधून पोलराइज्ड प्रकाश पाठवायचा आणि उमटणाऱ्या रेघांवरून, म्हणजे फ्रिंजवरून, त्यातला स्ट्रेस वाचायचा. त्यात प्लेन पोलॅरिस्कोपमध्ये (मॉडेलच्या एका बाजूला पोलरायझर, दुसऱ्या बाजूला त्याच्याशी काटकोनात अ‍ॅनालायझर, दोन्ही पोलराइज करणारे फिल्टर) काढलेला फोटो, त्यातल्या सगळ्या काळ्या रेघा मोजून दिलेले फ्रिंज ऑर्डर (फ्रिंजचा क्रमांक), आणि त्यावरून काढलेला स्ट्रेस. असे रिपोर्ट आणि जर्नलं सर्रास दिसतात. गणित बरोबर असतं, एककं बरोबर असतात, पण मोजलेल्या रेघांपैकी निम्म्या त्या जातीच्या नसतातच.

आयसोक्रोमॅटिकबद्दल फार सांगायला नको. तो रंगीत पट्टा, ज्यावर दोन प्रिन्सिपल स्ट्रेसमधला (त्या बिंदूवरचे सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान, एकमेकांशी काटकोनात असलेले स्ट्रेस) फरक सगळीकडे सारखा असतो. फ्रिंज ऑर्डर गुणिले मटेरियल फ्रिंज व्हॅल्यू (एक मिलिमीटर जाडीत एक ऑर्डर यायला लागणारा फरक), भागिले मॉडेलची जाडी, की तो फरक मिळाला. सोडियमच्या प्रकाशात इपॉक्सीची फ्रिंज व्हॅल्यू साधारण 11 न्यूटन प्रति मिलिमीटर, पॉलिकार्बोनेटची 7 च्या आसपास. पुस्तकातला आकडा मात्र घेऊ नये, त्याच शीटमधून डिस्क कापून कॅलिब्रेट करावं. आयसोक्लिनिक म्हणजे ज्या बिंदूंवर प्रिन्सिपल स्ट्रेसची दिशा एकाच कोनात आहे, अशा सगळ्या बिंदूंना जोडणारी रेघ. एक किती ते सांगते, दुसरी कुठल्या दिशेने. व्याख्येत कुणाचा गोंधळ होत नाही, गोंधळ होतो फोटोत.

कारण प्लेन पोलॅरिस्कोपमध्ये अंधार दोन वेगवेगळ्या कारणांनी पडतो. फ्रिंज ऑर्डर पूर्णांक असेल तर प्रकाश अडतो. प्रिन्सिपल स्ट्रेसची दिशा पोलरायझरच्या अक्षाशी जुळली तरी अडतो, मग तिथे स्ट्रेस कितीही असो. सोडियमच्या पिवळ्या उजेडात दोन्ही रेघा सारख्याच काळ्या.

डिस्कचंच उदाहरण घ्या. 60 मिलिमीटर व्यासाची, 6 मिलिमीटर जाडीची इपॉक्सीची डिस्क, वरून खाली 600 न्यूटनचा दाब, पोलरायझर उभा, अ‍ॅनालायझर आडवा. डिस्कवर ठसठशीत काळा क्रॉस दिसतो आणि डिस्कचा मध्य बरोब्बर त्या क्रॉसखाली येतो. रिपोर्टमध्ये लिहिलं जातं: मध्यावर फ्रिंज ऑर्डर शून्य. प्रत्यक्षात तिथे आडवा ताण 1.06 एमपीए, उभा दाब 3.18 एमपीए, फरक 4.24 एमपीए आणि फ्रिंज ऑर्डर सुमारे 2.3 असते. खरा शून्य आहे तो लोडच्या टोकांपासून दूर, डिस्कच्या मोकळ्या कडेवर. क्रॉस आहे तो शून्य अंशाची आयसोक्लिनिक, कारण दोन्ही अक्षांवर प्रिन्सिपल दिशा उभी आणि आडवीच असते. कॅलिब्रेशनचं सूत्र (8 गुणिले लोड, भागिले पाय, व्यास आणि मध्यावरची फ्रिंज ऑर्डर) ह्याच मध्यबिंदूवर उभं आहे. तिथला आकडा चुकला तर पुढची सगळी वाचनं त्याच प्रमाणात चुकतात.

ओळखायच्या कसोट्या सोप्या आहेत, तरी त्या केल्या जात नाहीत, ह्याचा खरा त्रास होतो. पोलरायझर आणि अ‍ॅनालायझर क्रॉस ठेवूनच दोन्ही एकत्र फिरवा. जी रेघ मॉडेलवरून सरकते ती आयसोक्लिनिक, जी जागची हलत नाही ती आयसोक्रोमॅटिक. लोड बदलला की उलटं घडतं: आयसोक्रोमॅटिक सरकतात, नव्या येतात, आयसोक्लिनिक तिथेच राहतात. अपवाद लोड टेकतो त्या जागेचा. तिथे लोड वाढला की संपर्काची रुंदी वाढते, त्यामुळे जवळच्या आयसोक्लिनिकही थोड्या हलतात. तिसरी कसोटी पांढऱ्या उजेडाची. त्यात शून्याच्या फ्रिंजखेरीज सगळ्या आयसोक्रोमॅटिक रंगीत होतात, आयसोक्लिनिक काळ्याच राहतात. शून्याची फ्रिंज आणि आयसोक्लिनिक ह्यांच्यात शंका उरली तर पुन्हा पहिली कसोटी, फिरवून बघणं. मला तीच सगळ्यात भरवशाची वाटते.

फ्रिंज मोजायच्या असतील तर दोन क्वार्टर वेव्ह प्लेट (प्रकाशाच्या दोन घटकांत पाव तरंगलांबीचा फरक पाडणाऱ्या) लावून सर्क्युलर पोलॅरिस्कोपच वापरावा, आयसोक्लिनिक निघून जातात. ह्याला पर्याय नाही. प्लेट तिच्या चौकटीत 45 अंशावर नीट बसलेली हवी, आणि ती ज्या तरंगलांबीची असेल तोच दिवा हवा. 589 नॅनोमीटरची प्लेट पांढऱ्या उजेडात वापरली की आयसोक्लिनिकचं पुसट भूत मागे राहतं आणि पुन्हा तोच घोळ. पांढऱ्या उजेडात तिसऱ्या-चौथ्या ऑर्डरनंतर रंगही फिकट गुलाबी-हिरवे होत जातात, तिथे मोजणी करू नये.

शून्य म्हणजे स्ट्रेस नाही, असंही नाही. फरक शून्य, एवढंच. दोन्ही बाजूंनी सारखाच ताण असला तरी तिथे काळंच दिसणार. म्हणूनच हा फोटो फायनाइट एलिमेंटच्या (कॉम्प्युटरवर स्ट्रेस काढायची पद्धत) फॉन मिझेस प्लॉटशेजारी (सगळे स्ट्रेस मिळून काढलेला एकच आकडा दाखवणारा) ठेवून रंग जुळवणं चूक आहे. दोन्ही प्रिन्सिपल स्ट्रेस एकाच चिन्हाचे असतील तर कमाल शिअरसुद्धा (कातरणारा स्ट्रेस) ह्या फरकाच्या निम्मा नसतो, कारण तिसरा, शून्याचा स्ट्रेस आड येतो. फ्रिंजवरून थेट स्ट्रेस वाचता येतो तो फक्त मोकळ्या कडेवर, जिथे एक प्रिन्सिपल स्ट्रेस शून्यच असतो. 50 मिलिमीटर रुंद, 6 जाड इपॉक्सी पट्टीत मधोमध 10 मिलिमीटरचं छिद्र, ताण 1050 न्यूटन. छिद्राच्या आडव्या टोकाला सहावी फ्रिंज मिळाली तर तिथे 11 एमपीए. उरलेल्या सेक्शनवरचा सरासरी स्ट्रेस 4.375, म्हणजे कॉन्सन्ट्रेशन फॅक्टर (कडेचा स्ट्रेस सरासरीच्या किती पट) 2.5. कडेवर ताण आहे की दाब हे फ्रिंज सांगत नाही. कडेला नखाने काटकोनात दाबा: ऑर्डर वाढली तर ताण, कमी झाली तर दाब.

आता आयसोक्लिनिकबद्दलचा गैरसमज: तिलाच स्ट्रेसची वाट (प्रिन्सिपल स्ट्रेसच्या दिशेने जाणारा वक्र) समजून घेणं. त्याच छिद्राच्या कडेवर बघा. 30 अंशाची आयसोक्लिनिक कडेला तिथे भिडते जिथे त्रिज्या 30 अंशात आहे, आणि ती कडेशी कुठल्याही कोनात येऊन भिडू शकते. स्ट्रेसची वाट मोकळ्या कडेला समांतर तरी असते किंवा काटकोनात तरी. वाटा हव्या असतील तर 0 ते 80 अंश, दर 10 अंशाला आयसोक्लिनिक ट्रेस करा (90 ला पुन्हा शून्याचीच येते), प्रत्येकीवर थोड्या थोड्या अंतराने त्या कोनातले छोटे क्रॉस काढा आणि क्रॉसच्या बाहूंना स्पर्श करत सलग वक्र ओढा. ट्रेस करताना लोड कमी ठेवा, रंगांची गर्दी होत नाही. स्वतंत्र मॉडेल करायचंच तर अ‍ॅक्रिलिकचं करा. त्याची फ्रिंज व्हॅल्यू इपॉक्सीच्या सुमारे दहापट, त्यामुळे फ्रिंज जवळपास येतच नाहीत आणि आयसोक्लिनिक स्वच्छ दिसते. हेच अ‍ॅक्रिलिक फ्रिंज मोजायला वापरून ‘काही दिसत नाही’ म्हणणारेही भेटतात.

लोड लावण्याआधी मॉडेल एकदा रिकामं बघा. इपॉक्सी दमट हवेत ठेवली की कडेवर ओलाव्याने फ्रिंज येतात. कापताना कड तापली असेल तरी येतात. त्या तुमच्या लोडच्या नाहीत, आणि कडेवरचंच वाचन सगळ्यात मोलाचं असल्याने असं मॉडेल सरळ बाजूला ठेवावं.

दोन फ्रिंजांमधल्या बिंदूची अपूर्णांक ऑर्डर काढायला टार्डीची पद्धत (अ‍ॅनालायझर फिरवून मोजायची) वापरताना मात्र आयसोक्लिनिक आणि आयसोक्रोमॅटिक दोघींची गरज पडते. आधी प्लेन मांडणीत पोलरायझर आणि अ‍ॅनालायझर एकत्र फिरवून हव्या त्या बिंदूवर आयसोक्लिनिक आणा, म्हणजे दिशा मिळाली. पोलरायझर त्याच दिशेला ठेवून क्वार्टर वेव्ह प्लेट 45 अंशावर घाला, मग फक्त अ‍ॅनालायझर फिरवा. खालच्या ऑर्डरची फ्रिंज बिंदूवर आली तर त्या ऑर्डरमध्ये कोन भागिले 180 मिळवा, वरची आली तर तेवढंच वजा करा. पहिली पायरी गाळून उभ्या पोलरायझरवरच टार्डी करण्याचा प्रकार सर्रास चालतो. त्यात प्रिन्सिपल दिशा जितकी तिरकी, तितका अपूर्णांक खोटा. डिस्कच्या मध्यावर हे खपून जातं, कारण तिथे दिशा उभीच असते, आणि मग तीच सवय छिद्राच्या कडेवर नेली जाते.