हळदीचा डाग

हळदीचा डाग म्हणजे जेवणातली नाहीतर लग्नातली हळद कपड्याला, सोफ्याला, गादीला किंवा गालिच्याला लागून बसणारा पिवळा डाग. मराठी घरात याच्याइतका नेहमीचा दुसरा डाग नाही, कारण आमटी, रस्सा, लोणचं, पोहे, सगळ्यात हळद असतेच, आणि टीव्हीसमोर ताट घेऊन बसायची सवय लागल्यापासून हा डाग फरशीवरून उठून थेट सोफ्यावर आलाय. फरशीवरचा फडक्याने जातो, सोफ्यावरचा मात्र चुकीचं काही केलं तर कायमचा राहतो.

या डागाची सगळ्यात घाबरवणारी गोष्ट म्हणजे साबण लावला की तो पिवळ्याचा लालसर तपकिरी होतो. बऱ्याच जणांना वाटतं की साबणाने कापड जळलं किंवा डाग पक्का झाला, पण तसं काही नसतं. हळदीतलं रंगद्रव्य म्हणजे करक्युमिन, ते आम्लात पिवळं राहतं आणि क्षारात लाल होतं, आणि वॉशिंग पावडर, धुण्याचा सोडा, वडीचा साबण हे सगळे क्षारधर्मी असतात. हळदीत चुना कालवला की लाल होते ते याचमुळे, आणि पारंपरिक कुंकू हळदीपासूनच बनतं तेही असंच, चुना किंवा टांकणखार (बोरॅक्स) घालून. म्हणजे साबण लावल्यावर सोफ्यावर जे दिसतं ते एका परीने कुंकूच. त्यावर लिंबाचा रस किंवा पाण्यात कालवलेलं व्हिनेगर टिपलं की डाग परत पिवळा होतो, फक्त पिवळा झाला म्हणजे गेला असं समजू नये, रंग बदलला एवढंच, रंगद्रव्य अजून तिथेच आहे.

करक्युमिन पहिल्यांदा वेगळं काढलं १८१५ मध्ये आणि त्याची रचना कळली १९१० मध्ये, पण आपल्या कामाची गोष्ट एवढीच की ते पाण्यात जवळपास विरघळत नाही, तेलात आणि अल्कोहोलमध्ये विरघळतं. म्हणून कोरड्या हळदीपेक्षा तर्रीचा डाग जास्त वाईट, तेल त्या रंगाला धाग्याच्या आत घेऊन जातं. शिवाय सुती कापडाला हळद, रंग पक्का करणारं तुरटीसारखं काही न लावताही धरते, कापड पिवळं रंगवायला ती जुन्या काळापासून वापरतातच, त्यामुळे सोफ्यावर रस्सा सांडणं म्हणजे नकळत कापड रंगवणंच. साध्या हळदीत करक्युमिन साधारण २ ते ५ टक्के असतं, वर्धा जिल्ह्यातली वायगावची हळद याच्यापेक्षा जास्त असण्याबद्दल नावाजलेली आहे, म्हणजे चवीला भारी आणि डागालाही.

डाग काढताना पहिली पाच मिनिटं महत्त्वाची. चमच्याने रस्सा वरच्यावर उचलायचा, मग कोरड्या सुती फडक्याने टिपायचं, घासायचं अजिबात नाही कारण घासलं की डाग पसरतो आणि कापडाची लव उठते. मग त्यावर कॉर्नफ्लोअर, मैदा किंवा टाल्कम पावडर टाकून अर्धा तास ठेवायचं, ती तेल ओढून घेते, नंतर ब्रशने झाडायची. त्यानंतर भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब वाटीभर गार पाण्यात घालून फडकं त्यात बुडवून पिळून, डागाच्या कडेकडून मधे टिपत जायचं. गरम पाणी नको. आणि सोफ्यावर पाणी ओतायचं तर कधीच नाही, आतला फोम पाणी पितो, पावसाळ्यात तो चार चार दिवस वाळत नाही आणि मग डागाऐवजी कुबट वास घेऊन बसावं लागतं.

तरी पिवळेपणा उरतोच. त्यावर फडक्याला सर्जिकल स्पिरिट लावून टिपलं की रंग फडक्यावर उतरताना दिसतो, दर वेळी फडक्याची कोरी बाजू घ्यायची. पांढऱ्या सुती कापडाला हायड्रोजन पेरॉक्साइडही चालतं, मेडिकलमध्ये ६ टक्क्यांचं मिळतं ते तेवढंच पाणी घालून निम्मं करायचं. रेक्झिनला स्पिरिट लावू नये, चकाकी जाते. काहीही लावायच्या आधी सोफ्याच्या मागच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी लावून बघायचं, हे लोक नेहमी टाळतात आणि मग डागाच्या जागी पांढरा ठिपका पडतो. लोकरीच्या गालिच्याला सोडा आणि क्लोरीनचं ब्लीच दोन्ही वर्ज्य, लोकर खराब होते. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र करायचं नाही हे तर ठामपणे सांगायला हवं, त्यातून क्लोरीन वायू निघतो, तो विषारी आहे.

खरा उपाय ऊन. करक्युमिनला उजेड सोसत नाही, निळा-जांभळा प्रकाश ते शोषून घेतं आणि त्यातच मोडत जातं. म्हणून आधीच्या बायका हळदीची साडी धुऊन ओलीच उन्हात टाकायच्या आणि संध्याकाळपर्यंत डाग फिका झालेला असायचा, यात नुसती समजूत नव्हती. कव्हर निघत असेल तर दोन-तीन दिवस कडक उन्हात घालावं, निघत नसेल तर सोफा खिडकीशी सरकवावा, काचेतूनही तो प्रकाश येतो, फक्त वेळ जास्त लागतो. अडचण एकच, गडद रंगाचं कापड असेल तर डागासोबत त्याचा स्वतःचा रंगही उडतो, तिथे ऊन कमी आणि स्पिरिट जास्त असं धोरण ठेवावं.

सगळीकडे हा डाग नकोसा असतो असंही नाही. जेजुरीला खंडोबाच्या दर्शनाला जाऊन आलेल्याच्या सदऱ्यावर भंडारा असतोच, तो झटकायचं कुणाच्या मनातही येत नाही. लग्नात नवरीला लावून उरलेली हळद नवऱ्याकडे जाते किंवा कुठे नवऱ्याची उष्टी नवरीकडे येते, त्या दिवशी मंडळी मुद्दाम जुने नाहीतर पिवळेच कपडे घालतात. घरी आल्यावर मात्र गाडीच्या सीटवर आणि पाहुण्यांच्या खोलीतल्या गादीवर तेच पिवळे हात उमटलेले दिसतात. ही हळद कोरडी झालेली असेल तर पाणी न लावता आधी ब्रशने आणि व्हॅक्यूमने उडवायची, ओलं फडकं त्यानंतर. पिवळे झालेले प्लास्टिकचे डबे आणि मिक्सरची झाकणं यांनाही उन्हाचीच युक्ती, आतून तेलाचा बोळा फिरवून लिक्विडने धुवायचे आणि गच्चीत उपडे न घालता तोंड वर करून ठेवायचे, म्हणजे ऊन आतपर्यंत पोचतं.