मांजर बैलाच्या अंगावर काऊन धावते?

आमच्याकडे विदर्भात तुरीच्या कुटारात मांजर व्याली की त्या बाजूला कुत्रं फिरकत नाही, आणि बैलानं चुकून तोंड घातलंच तर नाकावर पंजा खाऊन तो मागे सरकतो. चार किलोचा जीव अन् समोर चारशे किलोचा बैल! म्हातारी माणसं म्हणतात वाघाची मावशी ती, भ्यायची कोणाला. पण खरं सांगायचं तर ती भ्यालेलीच असते, चांगलीच भ्यालेली.

अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाचे शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९११ मध्येच हे दाखवलं. शांत बसलेल्या मांजरीचं रक्त तपासलं, मग तिच्यासमोर भुंकणारं कुत्रं आणलं अन् परत तपासलं, तर आता रक्तात ॲड्रेनलिन होतं, म्हणजे भ्यायल्यावर शरीर रक्तात सोडतं ते रसायन. 'लढा नाहीतर पळा' ही कल्पना पुढे त्यांनीच मांडली. या भीतीतच केस उभे होतात, शेपूट फुगते, पाठीची कमान होते आणि मांजर समोरच्याकडे आडवी उभी राहते, म्हणजे आहे त्याहून बरीच मोठी दिसते.

मग पळत का नाही? तर पळते ना, आधी पळायलाच पाहते. हायनी हेडिगर नावाचे स्विस प्राणीशास्त्रज्ञ होते, झू आणि सर्कशीतले प्राणी पाहून त्यांनी सांगितलं की शत्रू लांब आहे तोवर प्राणी पळतो, पण एका ठराविक अंतराच्या आत आला आणि वाट उरली नाही की तोच उलटून अंगावर येतो. त्यात मांजरीचा वेग थोड्या अंतरापुरताच, मोकळ्या वावरात कुत्रं तिला गाठणार, आणि पाठ दाखवली की कुत्र्याला अजून चेव येतो. जवळ झाड नाही, पऱ्हाटीचा ढीग नाही, तर तोंड फिरवून फिस्कारणंच परवडतं. पिल्लं असली तर पळायचा विषयच संपला.

समोरचा मागे हटतो कारण त्याला यात मिळणार काहीच नसतं, डोळा मात्र जाऊ शकतो. २००६ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीला जॅक नावाच्या साधारण सात किलोच्या बोक्यानं एका काळ्या अस्वलाला दोनदा झाडावर चढवलं होतं! (काळी अस्वलं तशीही घाबरली की झाडावर चढतात, हे बातम्या वाचताना कोणी लक्षात घेत नाही.)

बिबट्यापुढे मात्र ही नाटकं चालत नाहीत, कारण तो दबा धरून एकदम जवळूनच झडप घालतो, फुगून दाखवायला वेळच कुठे मिळतो.

अजून एक, फुगलेल्या मांजरीला वाचवायला म्हणून उचलायला जाऊ नका. त्या क्षणी ती तुमच्या हातालाही सोडत नाही, आणि तिचे दात बारीक असले तरी खोल जातात, जखम लवकर पिकते. चावलीच तर साबण लावून वाहत्या पाण्यात पंधरा मिनिटं धुवा अन् रेबीजच्या इंजेक्शनसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठा, हळद-चुना नको.