जुन्या घराचे डक्ट साफ करायचे का? आधी जाळी उचला

शिकागोत १९१० ते १९४० या काळात विटांचे हजारो बंगलो उभे राहिले. त्यांतल्या अनेक घरांत बेसमेंटमध्ये कोळशाची भट्टी असे आणि गरम हवा पंख्याशिवाय, आपसूक, पत्र्याच्या रुंद नळांतून, म्हणजे डक्टमधून, वर चढे. पुढे कोळसा गेला, गॅसची फर्नेस आली, पंखा आला, एसी जोडला गेला. भिंतीतले नळ मात्र बऱ्याच घरांत तेच राहिले. असं घर घेतलं की ‘९९ डॉलरमध्ये अख्ख्या घराचे डक्ट साफ’ अशी जाहिरात आज ना उद्या हाती पडतेच. (घरात नुसते रेडिएटर, म्हणजे गरम पाण्याने वा वाफेने तापणारे धातूचे संच, असतील तर डक्टच नाहीत, प्रश्न मिटला.)

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं, म्हणजे ईपीएचं, मत स्पष्ट आहे: डक्ट साफ केल्याने आजार टळतात हे सिद्ध झालेलं नाही, आणि दर काही वर्षांनी ठरल्यासारखी सफाई करून घेण्याची गरज नाही. नळाच्या आत बसलेली बरीचशी धूळ पत्र्याला चिकटून राहते, ती खोलीत येतेच असं नाही. घरातली धूळ मुख्यतः बाहेरून, चपलाबुटांबरोबर, कपड्यांतून आणि स्वयंपाकातून येते. त्यामुळे शेवटचं कधी साफ केलं होतं, यापेक्षा आत काय आहे ते महत्त्वाचं.

ते बघायला कुणाला बोलवावं लागत नाही. फर्नेस बंद करा. डक्टच्या तोंडावर जाळी असते; जमिनीवरची सहसा नुसती उचलली की निघते, भिंतीवरचीला दोन स्क्रू असतात. मोबाइलचा टॉर्च लावून हात आत घाला आणि व्हिडिओ घ्या. हवा खोलीत सोडणारी दोन तोंडं आणि हवा परत ओढणारं एक, एवढी तरी तपासा. परतीच्या जाळीवर राखाडी धुळीचा पातळ थर असणारच, तो पुसून टाका. मात्र प्लास्टरचे तुकडे, लाकडाचा भुसा, उंदरांच्या लेंड्या किंवा काळे-हिरवे डाग दिसले तर सफाईचा विचार करायला हवा.

पण तोही कारण शोधल्यावर. बुरशी ओलाव्याशिवाय वाढत नाही. एसीच्या कॉइलखालच्या (हवा गार करणाऱ्या नळ्यांखालच्या) ट्रेचं पाणी तुंबलंय का, गार नळावर दमट बेसमेंटमध्ये पाणी सुटतंय का, हे आधी बघा. ते तसंच ठेवून केलेली सफाई वाया जाते. नळाच्या आतल्या बाजूला फायबरग्लासचं अस्तर असेल आणि ते भिजून बुरशी धरलेलं असेल, तर ते साफ होत नाही, बदलावंच लागतं. अशा अस्तरावर फवारायला ईपीएने एकाही जंतुनाशकाला मान्यता दिलेली नाही. उंदरांच्या लेंड्या कोरड्या झाडू नयेत, व्हॅक्यूमही करू नयेत. हातमोजे घालून, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यांच्या द्रावणाने भिजवून, पाच मिनिटांनी कागदाने उचलाव्यात. आणि उंदीर येतो ते भोक बुजवावं.

जुन्या घरातला खरा धोका नळाच्या बाहेर असू शकतो. बेसमेंटमध्ये सांध्यांभोवती पांढरट, कागदासारखी किंवा कापडासारखी पट्टी गुंडाळलेली दिसली, तर ती ॲस्बेस्टॉसची (श्वासातून गेल्यास घातक अशा तंतुमय खनिजाची) असण्याची शक्यता धरूनच चाला. ती खरवडू नका, सोलू नका, आणि सफाईवाल्यालाही ब्रश फिरवू देऊ नका. आधी परवानाधारक तपासनीसाकडून नमुना तपासून घ्या. १९७८ पूर्वीच्या घरात शिशाचा रंग असू शकतो; तिथे भिंती घासल्या-फोडल्या असतील तर डक्टमधल्या धुळीत शिसंही असू शकतं.

आणखी एक गोष्ट सफाईवाले क्वचितच सांगतात. जुन्या घरांत परतीच्या हवेसाठी वेगळा नळ न टाकता जमिनीच्या दोन तुळयांमधल्या पोकळीखाली पत्रा ठोकलेला असतो. त्याच्या फटींतून बेसमेंटची आणि भिंतीतली धूळ ओढली जाते. अशा घरात सफाईनंतर काही महिन्यांत धूळ परत दिसते. तिथे पैसे सांधे बुजवण्यावर घालवावेत: ब्रशने लावायचा मॅस्टिक (सांधे बुजवणारा घट्ट लेप) किंवा धातूची फॉइल टेप वापरावी. राखाडी कापडी ‘डक्ट टेप’ उष्णतेने वाळून सुटते.

सफाई करायचीच ठरली, तर ईपीएच्या अंदाजाने एका हीटिंग-कूलिंग यंत्रणेला साधारण ४५० ते १००० डॉलर लागतात. नीट कामात मोठा व्हॅक्यूम फर्नेसजवळच्या मुख्य नळाला जोडतात, बाकी जाळ्या झाकतात, आणि एकेका तोंडातून ब्रश किंवा दाबाची हवा घालून मळ सुटा करतात. व्हॅक्यूममधून निघणारी हवा घराबाहेर किंवा हेपा फिल्टरमधून (अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या फिल्टरमधून) गेली पाहिजे. ब्लोअर (फर्नेसचा पंखा) आणि कॉइलही साफ व्हायला हवेत, नाहीतर तिथला मळ पुन्हा नळात जातो. ९९ डॉलरवाला बहुधा जाळ्यांपाशी व्हॅक्यूम फिरवतो, मग ‘बुरशी सापडली’ म्हणून बिल वाढवतो. पैसे देण्याआधी आतला पत्रा स्वच्छ दिसतोय का ते स्वतः बघा.

सफाई करा वा न करा, फिल्टर खाचेत घट्ट बसायला हवा. कडेला फट राहिली की हवा तिथूनच जाते. त्यावरचा बाण फर्नेसच्या दिशेने असावा, आणि एक इंची फिल्टर एक ते तीन महिन्यांत बदलावा. फिल्टर किती बारीक कण पकडतो हे ‘मर्व्ह’ या अंकाने सांगतात; मर्व्ह १३ चा दाट फिल्टर जास्त बारीक कण पकडतो. पण जुन्या घरांत परतीचा मार्ग बऱ्याचदा अपुरा असतो, तिथे हवा कमी पडून उन्हाळ्यात कॉइलवर बर्फ साचू शकतो. असा फिल्टर बसवण्याआधी तंत्रज्ञाकडून नळातला हवेचा दाब मोजून घ्या. दाब आधीच जास्त निघाला, तर मर्व्ह ८ वरच राहा.