नाईट (नाट्यव्यवसाय)

मराठी व्यावसायिक रंगभूमीवर नटाला एका प्रयोगामागे मिळणाऱ्या मानधनाला ‘नाईट’ म्हणतात. प्रयोग सकाळी अकराचा असला तरी शब्द हाच, आणि एका दिवसात दोन प्रयोग झाले तर दोन नाईट. प्रयोग झाला तर पैसे, नाही तर नाही, ही यातली मूळ अट. नाटक, मालिका आणि चित्रपट अशा तिन्ही ठिकाणी काम करणाऱ्या नटाचे सगळे वेळापत्रक या अटीशी जुळवावे लागते.

संगीत नाटकांच्या काळात नट नाटक मंडळीचा पगारी माणूस असे. राहणे-जेवणही मंडळीच्या बिऱ्हाडी. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आला, पुढे मोठ्या मंडळ्या मोडत गेल्या आणि प्रयोगागणिक पैसे घेणारा नट हळूहळू रूढ झाला.

नाईटचा आकडा तालमींपूर्वी ठरतो. तालमी साधारण महिनाभर चालतात आणि त्या काळात बहुधा हाती फारसे काही पडत नाही, कमाई शुभारंभापासून. मध्यंतरात व्यवस्थापक पाकिटे घेऊन रंगपटात येतो. नट मेकअप सांभाळत, हातातला चहाचा कप बाजूला ठेवून व्हाउचरवर सही करतो, पाकीट बॅगेत टाकतो आणि दुसऱ्या अंकाचे कपडे चढवतो. आता पैसे खात्यावरही जमा होतात, पण पाकिटाची पद्धत गेलेली नाही. रंगभूषाकार, कपडेपट सांभाळणारे, सेट लावणारे, प्रकाश आणि ध्वनी चालवणारे यांचीही नाईटच असते.

तोंडी बोलीत नेमके दोन मुद्दे सुटतात आणि पुढे त्यांवरूनच वाद होतात: बुकिंग नाही म्हणून ऐन वेळी प्रयोग रद्द झाला तर काय मिळणार, आणि दौऱ्यात प्रवासात गेलेल्या दिवसाचा भत्ता किती. दोन्ही कागदावर घ्यावेत.

मालिकेत हिशोब ‘पर डे’चा. शिफ्ट साधारण बारा तासांची आणि पैसे बहुतेक ठिकाणी नव्वद दिवसांनी. म्हणून पहिल्यांदा मालिका घेणाऱ्याने तीन-चार महिन्यांच्या घरखर्चाची तजवीज आधी करावी. चित्रपटात ठरलेली रक्कम हप्त्यांनी मिळते; शेवटचा हप्ता डबिंगपूर्वी घ्यावा, कारण डबिंग झाले की निर्मात्याचे नटावाचून काही अडत नाही. नाईट यांच्या मानाने लहान असली तरी रोख आणि त्याच दिवशीची असते. कित्येक नटांचा किराणा वर्षानुवर्षे तिच्यावर भरला गेला आहे.

खरी ओढाताण तारखांची. नाट्यगृहांच्या तारखा काही महिने आधी वाटल्या जातात, तर मालिकेत उद्या कोणते सीन आहेत हे अनेकदा आदल्या संध्याकाळी कळते. ठाण्याच्या गडकरी रंगायतनला साडेआठचा प्रयोग असेल तर नट सातपर्यंत रंगपटात हवा. म्हणजे गोरेगावच्या सेटवरून त्याला पाचच्या आसपास निघालेच पाहिजे. एक सीन लांबला की घोडबंदर रस्त्यावर सगळे गणित कोसळते. यावर उपाय एकच: करार करतानाच प्रयोगांच्या तारखा आणि सुटण्याची वेळ लेखी द्यायची. मग त्या दिवशी त्याचे सीन सकाळी उरकतात किंवा आधीच भागांची ‘बँक’, म्हणजे आगाऊ चित्रित केलेल्या भागांचा साठा, करतात. अर्थात कथानक मध्येच वळवले तर ही बँक वाया जाते. शिवाय भूमिकेसाठी वाढवलेली दाढी किंवा कापलेले केस कंटिन्युइटीत, म्हणजे एका सीनमधले रूप पुढच्या सीनशी जुळवण्यात, आडवे येतात, ते आधी दोन्हीकडे सांगावे.

नट येऊच शकला नाही तर ‘रिप्लेसमेंट’ उभी करतात. नवा नट मोजक्या तालमींवर भूमिका पेलतो. जाहिरातीत ज्याचे नाव मोठे, त्याची रिप्लेसमेंट मात्र प्रेक्षक सहज स्वीकारत नाहीत.

प्रशांत दामले यांनी २०२२ मध्ये १२,५००वा प्रयोग केला. रोज एक धरला तरी ही चौतीस वर्षांहून जास्त काळाची अखंड हजेरी होते, आणि त्यातला प्रत्येक प्रयोग आवाज, प्रवास आणि तारीख सांभाळूनच झालेला.

मार्च २०२० मध्ये नाट्यगृहे बंद झाली आणि नाईट त्याच दिवशी थांबली. मालिकांचे चित्रीकरण काही महिन्यांत सुरू झाले. नाट्यगृहे नोव्हेंबरमध्ये, तीही निम्म्या आसनांवर, उघडण्याची परवानगी मिळाली. तिकीटविक्री निम्मी, नाटकाची बस मात्र तेवढ्याच डिझेलवर चालणारी, त्यामुळे प्रयोग लावणेच अवघड झाले. नटांपैकी काहींना मालिकेचा आधार होता. रंगमंचामागच्या कामगारांना नाईटशिवाय दुसरे काहीच नव्हते.