प्राध्यापक भरतीची फाइल टायपिंगला देण्याआधी

“मागची फाइल आहे ना तुमच्याकडे? तीच काढा, फक्त कॉलेजचं नाव बदला.” सहाय्यक प्राध्यापकांच्या जाहिराती सुटल्या की आमच्या टायपिंगच्या काउंटरवर हे रोज ऐकू येतं. फाइल आमच्याकडे असते, पण नाव बदलून भागत नाही.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमावलीत छाननीचे, म्हणजे मुलाखतीला कोणाला बोलवायचं ते ठरवणारे, गुणांचे तक्ते दोन आहेत: विद्यापीठासाठी 3ए, महाविद्यालयासाठी 3बी. पीएचडीला विद्यापीठात 30 गुण, कॉलेजात 25. नेट या पात्रता परीक्षेला तिकडे 5, इकडे 8. शोधनिबंधाला दोन्हीकडे 2, पण कमाल मर्यादा तिकडे 10 आणि इकडे 6. पदवीला साठ ते ऐंशीच्या मधले टक्के असतील तर तिकडे 13, इकडे 19. गंमत अशी, की पदवी आणि पदव्युत्तरला पासष्ट टक्के, पीएचडी, नेट आणि पाच निबंध धरले, तर बेरीज दोन्हीकडे 81 च येते! म्हणून चुकीचा तक्ता भरला तरी ते तुमच्या नजरेतून सुटतं. छाननीला बसलेला माणूस मात्र रकाने तपासतो. जाहिरातीसोबत वेगळा तक्ता असेल तर अर्थात तोच भरायचा.

दुसरं, सीएचबीचा, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवल्याचा अनुभव. वर्षाला 2 गुण, आणि वर्ष अपुरं असेल तर त्या प्रमाणात कमी. ‘गेली पाच वर्षे कार्यरत’ एवढ्यावर हिशेब कसा लावणार? प्रत्येक वर्षाची रुजू झाल्याची आणि सुटल्याची तारीख प्रमाणपत्रावर घ्या. विद्यापीठाचं मान्यतापत्र असेल तर त्यालाच जोडा.

ही पत्रं शेवटच्या दिवशी, बाइंडिंग झाल्यावर येतात. एक पत्र मध्ये घुसलं की पुढचे सगळे पान क्रमांक सरकतात, अनुक्रमणिका बदलते, तीनही संचांची स्पायरल काढावी लागते. त्या दुरुस्तीचे वेगळे पैसे घेतो म्हणून काहीजण नाराज होतात. पण तेवढ्या वेळात दुसऱ्याची अख्खी फाइल होते, आणि तोही रांगेतच उभा असतो.

गुण आम्ही आमच्या मनाने भरत नाही. अर्जावर सही तुमची असते. दोन्ही तक्ते मराठीत टाइप करून ठेवले आहेत, कोरी प्रत फुकट मिळेल. घरी पेन्सिलने भरून आणा. मुदतीच्या चार दिवस आधी आलात तर कच्ची प्रत वाचायला देतो, त्यावरच्या दुरुस्त्यांचे पैसे नाहीत. सॉफ्ट कॉपी वर्षभर जपून ठेवतो.